थाई मालिका एवढ्याही टाकाऊ नाहीत हो

थाई मालिका म्हणजे नुसती थोबाडीत मारामारी आणि किंचाळणारी खलनायिका, त्यापेक्षा कोरियनच बघा, हे वाचून राहवलं नाही. ते सगळं असतंच, नाही म्हणत नाही, पण २०१८ची 'बुप्पे सन्निवास' बघितलीये का कुणी? आजची एक पुरातत्त्ववाली मुलगी अपघातात जाते आणि थेट १७व्या शतकातल्या अयुथयेत (तेव्हाची थाई राजधानी) राजा नाराईच्या काळातल्या एका महादुष्ट बाईच्या अंगात उठते. पुढे नुसती धमाल! आणि मधेमधे इतिहास पण, राजदरबारात वर चढलेला फॉल्कन नावाचा ग्रीक माणूस, त्याची बायको मारिया जिच्या नावावर तिकडे अंड्याच्या गोड पदार्थांचं श्रेय देतात (ते बघताना भूक लागते, आधीच जेवून बसा). ही मालिका इतकी चालली की लोक पारंपरिक थाई कपडे घालून अयुथयेच्या देवळांत फोटो काढायला जायला लागले. १५च भाग आहेत, पण एकेक भाग संपता संपत नाही.

कोरियन लोक पटकथेत सरस आहेत हे मान्यच. 'रिप्लाय १९८८' मधे सोलच्या एका गल्लीतली पोरं जेवणाच्या वेळी या घरातून त्या घरात भाज्यांच्या वाट्या पोचवत फिरतात, तो सीन मी कितीदा पाहिला असेल देव जाणे. पण हल्लीच्या त्यांच्या रोमँटिक मालिकांत शेवटून तिसऱ्या-चौथ्या भागात उगाच ब्रेकअप घालतात ना, त्याचा फार वैताग येतो, तेवढं मी सरळ पळवते.