मदत हवी आहे: रेक्युपरेटर बसवला, हवा तापते, पण गॅस वाचत नाही आणि ज्योत बिघडली

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे बिलेट (धातूचे लांबट ठोकळे) ढकलत पुढे नेऊन तापवायची पुशर भट्टी आहे, नैसर्गिक वायूवर चालणारी. धूर नऊशे अंशांच्या आसपास सरळ चिमणीत जायचा. म्हणून फ्लू डक्टमध्ये, म्हणजे धुराच्या मार्गात, धातूच्या नळ्यांचा रेक्युपरेटर (धुराच्या उष्णतेने बर्नरची हवा तापवणारं यंत्र) बसवून घेतला. ब्लोअरची हवा आता ३५ वरून ३२० अंश सेल्सियसपर्यंत तापून बर्नरला मिळते. हवा २०-२२ अंशांनी तापली की साधारण एक टक्का इंधन वाचतं, या ठोकताळ्याने १३ टक्क्यांच्या जवळपास बचत दिसायला हवी होती. धूर इतका गरम असताना थोडी जास्तच. प्रत्यक्षात टनामागचा गॅस जेमतेम चार-पाच टक्क्यांनी उतरला आहे.

त्याहून मला ज्योतीची काळजी वाटते. गरम हवेवर ज्योत आखूड आणि लख्ख व्हायला हवी. आमची लांब, पिवळी आणि सुस्त झाली आहे. झरोक्यातून बघितलं तर तिचं टोक बिलेटवर लोळत धुराच्या तोंडाकडे सरकताना दिसतं.

रेक्युपरेटरच्या अलीकडे, डायल्यूशनची (धूर निववायला घातलेली थंड) हवा मिसळते त्याच्याही आधी, पोर्टेबल अ‍ॅनलायझर लावला. ऑक्सिजन ५ टक्के आणि तरीही कार्बन मोनॉक्साइड हजारो पीपीएम! हवा उरते आहे आणि वायू अर्धवटही जळतो आहे, असं दोन्ही एकाच वेळी. रेक्युपरेटरच्या पलीकडे ऑक्सिजन ८ टक्के. भरीला, रेक्युपरेटरच्या तोंडाशी धुराचं तापमान पूर्वीपेक्षा वाढलंय, त्यामुळे नळ्या वाचवायला डायल्यूशन ब्लोअर सारखा चालू होतो. म्हणजे जी उष्णता हवेत उतरवायची, तीच थंड हवा घालून आपण पातळ करतोय.

माझा संशय हवा मोजण्यावर आहे. पाइपिंग करताना हवेचा ऑरिफिस (प्रवाह मोजायची भोकाची चकती) रेक्युपरेटरच्या पुढे, गरम बाजूला आला. ट्रान्समीटरचं गणित मात्र थंड हवेच्या घनतेवरच राहिलं. ३५ अंश म्हणजे ३०८ केल्विन, ३२० म्हणजे ५९३. हवा जवळपास १.९ पट फुगते. ऑरिफिसवरच्या दाबफरकातून प्रवाह काढताना घनतेचं वर्गमूळ येतं, म्हणून कंट्रोलर १०० समजतो तेव्हा वस्तुमानाने हवा फक्त ७२ जाते. सेटिंग १५ टक्के जादा हवेचं आहे. १.१५ गुणिले ०.७२ म्हणजे ०.८३. पूर्ण ज्वलनाला लागते त्याच्या ८३ टक्केच हवा बर्नरला मिळते आहे, असा याचा अर्थ होतो.

हे खरं असेल तर कार्बन मोनॉक्साइड आणि सुस्त ज्योत समजते. पण मग तो ५ टक्के ऑक्सिजन कुठला? आणि पलीकडचे ८ टक्के निव्वळ डायल्यूशनचे, की एखादी नळी फुटून दाबाची हवा धुरात शिरते आहे? भट्टी चालू असताना हे वेगळं कसं ओळखायचं? हवा नुसती वाढवून बघायला ऑपरेटर तयार आहेत, पण कारण कळल्याशिवाय सेटिंगला हात लावू नये असं मला वाटतं. ज्यांनी गरम हवेवर भट्ट्या चालवल्या आहेत त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद

गणित बरोबर आहे. ऑक्सिजनचं उत्तर बहुधा दारात सापडेल. भट्टीच्या दाबाचा टॅप, म्हणजे दाब मोजायचं छिद्र, कुठे आहे? छताजवळ असेल आणि सेटिंग शून्यावर असेल तर खाली चुलीच्या (भट्टीच्या तळाच्या) पातळीला भट्टी बाहेरची हवा ओढते. बाराशे अंशांचा वायू बाहेरच्या हवेपेक्षा इतका हलका असतो की उंचीच्या दर मीटरला दाबात पाण्याच्या स्तंभाचा सुमारे ०.९ मिलिमीटर फरक पडतो. टॅप दोन मीटर वर असेल तर चुलीशी दाब उणे पावणेदोन मिलिमीटरच्या आसपास. बिलेट काढायचं दार उघडलं की थंड हवा जमिनीलगत आत शिरते, ज्योतीत नीट मिसळत नाही आणि धुराच्या तोंडापर्यंत तशीच जाते. तिथे उरलेला वायू तिला भेटतो आणि डक्टमध्ये जळतो. म्हणून रेक्युपरेटरच्या तोंडाशी तापमान चढतं. तुमच्या तिन्ही तक्रारी एकाच साखळीतल्या आहेत.

टॅप हलवता येत नसेल तर छताचं सेटिंग तेवढं वर घ्या, म्हणजे चुलीशी दाब किंचित धन राहील. दाराच्या फटीतून ज्योतीची जीभ अगदी थोडी बाहेर डोकावते का, ते बघा.

ऑरिफिसजवळ थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) बसवून पीएलसीत, म्हणजे भट्टीच्या नियंत्रण संगणकात, तापमानाची दुरुस्ती द्या, केल्विनमध्ये. ऑरिफिस थंड बाजूला नेणं वरवर सोपं वाटतं, पण नळी गळत असेल तर धुरात निसटलेली हवाही बर्नरच्या खात्यात मोजली जाईल. गळती तपासल्याशिवाय तो मार्ग घेऊ नका. आणि एक बघून ठेवा: फुगलेली हवा त्याच बर्नरमधून तेवढ्याच वस्तुमानाने ढकलायला जवळपास दुप्पट दाबफरक लागतो. दुरुस्ती दिल्यावर झडप पूर्ण उघडूनही प्रवाह येत नसेल तर ब्लोअर किंवा बर्नर अपुरा आहे.

गळतीसाठी भट्टी थंड असताना बर्नरच्या हवेच्या झडपा बंद करा, ब्लोअर चालवा आणि धुराच्या बाजूने धूरकांडी घेऊन एकेक नळी बघा. चालू भट्टीत कमी लोडवर डायल्यूशन बंद ठेवून दोन्हीकडचा ऑक्सिजन घ्या. तरी फरक राहिला तर आधी डक्टच्या फटी तपासा. त्या घट्ट असतील तर गळती नळ्यांचीच.

मूळ लेखक

मनापासून आभार. टॅप छतालाच आहे आणि सेटिंगही शून्यावर, आत्ताच बघून आलो. दारालगतच्या बिलेटवर पपडी का जास्त धरते हेही आता लक्षात येतंय, आम्ही त्यासाठी बर्नरलाच बोल लावत होतो.

आधी दाबाचं सेटिंग बदलतो, कारण त्याला काही विकत आणावं लागत नाही. मग थर्मोकपल. हवा वाढवताना एकदम नाही, टप्प्याटप्प्याने, कार्बन मोनॉक्साइड उतरताना बघत.

एक शंका उरते. हवेचं प्रमाण सुधारलं की ज्योत जास्त तापेल आणि नायट्रोजन ऑक्साइड वाढतील, कारण ते ज्योतीच्या तापमानाबरोबर झपाट्याने चढतात. आमचे बर्नर जुने, थंड हवेसाठी घेतलेले आहेत. हवा दोन टप्प्यांत देणारे बर्नर न घेता, जादा हवा १५ वरून १० टक्क्यांवर आणून ते आटोक्यात राहतात का? कोणी आधीचे आणि नंतरचे आकडे घेतले असतील तर कृपया इथे द्या.