चर्चा: बदलत्या हवामानात पीक किती येईल हे सांगणारं कोणतं गणिती मॉडेल खरं मानायचं?

नांगरट: हंगामाचा एकूण पाऊस आणि सरासरी तापमान घ्यायचं, उत्पादनाच्या जुन्या आकड्यांशी सांगड घालायची आणि पुढच्या ५० वर्षांचं भाकीत करायचं, हे मला अजिबात पटत नाही. भात फुलोऱ्यात असताना पारा तासभर जरी ३५ अंशांच्या वर गेला तरी परागीभवन बिघडतं, लोंबीत पोचट दाणे राहतात. सरासरीत तो तास कुठे दिसतो? पिकाची वाढ टप्प्याटप्प्याने मांडणारंच मॉडेल हवं.

आकडेमोड: @नांगरट, सरासरीचा दोष संख्याशास्त्राच्या माथी मारू नका. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९२० च्या दशकातच इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड शेती संशोधन केंद्रातल्या गव्हासाठी वर्षाचा पाऊस सहा-सहा दिवसांत विभागून तपासला होता. २००९ मध्ये अमेरिकेतल्या मक्यावर झालेल्या अभ्यासात पिकाने कोणत्या तापमानात किती वेळ काढला ते मोजलं, तेव्हा २९ अंशांनंतर उत्पादन झपाट्याने घसरताना दिसलं. तुमच्या मॉडेलला मातीची खोली, पेरणीची तारीख, वाणाचे गुणांक (ते वाण कसं वाढतं हे सांगणारे आकडे), सगळं लागतं. ते नसलं की अंदाजाने भरतात, आणि उत्तर जुळेपर्यंत फिरवत बसतात.

नांगरट: फिरवाफिरवी होते, मान्य. पण कार्बन डायऑक्साइडचं काय कराल? तो दरवर्षी वाढत गेला, आणि त्याच काळात नवी वाणं आली, खतं वाढली. जुन्या आकड्यांतून हे वेगळं काढणार कसं? गहू-भाताला वाढीव कार्बन डायऑक्साइडचा फायदा होतो, मक्याला पाण्याची ओढ नसेल तर जवळजवळ नाहीच. हे पानात काय घडतं त्यावरूनच कळतं.

बांधावरून: दोघांनाही विचारतो, रोग-किडी कुठे आहेत? मी एकदा गव्हाच्या जुन्या नोंदी चाळत होतो. एका वर्षी उत्पादन निम्म्यावर आलेलं, पाऊस ठीक, थंडी ठीक. नोंदवहीच्या समासात पेन्सिलने एकच शब्द होता: तांबेरा. तो शब्द नसता तर मी ती घट हवामानाच्याच खाती टाकली असती.

आकडेमोड: म्हणूनच मी शेतातल्या खऱ्या आकड्यांना धरून आहे. तांबेऱ्याचं नुकसान त्यांत आपोआप उतरतं, कारण कळलं नाही तरी.

नांगरट: आणि कारण न कळता भविष्याचा अंदाज बांधायचा? दमट हवामान सरकलं की तांबेराही सरकणार. २०१५ मध्ये गव्हाची ३० मॉडेलं एकत्र चालवली, तेव्हा तापमानवाढीच्या दर अंशामागे जगाचं गव्हाचं उत्पादन साधारण ६ टक्क्यांनी घटेल असं निघालं. त्यात रोग धरलेच नव्हते. मला खरी काळजी त्याची वाटते.