दूध डेअरीच्या प्रोग्रामला डेटाबेस कोणता घ्यावा? एसक्यूलाइट की एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस

धारोष्ण:
मंडळी, गावातल्या दूध संकलन केंद्रासाठी सी शार्पमध्ये छोटा डेस्कटॉप प्रोग्राम लिहितोय. काम साधंच आहे, सकाळ-संध्याकाळ दूध आलं की लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) टाकायचं, दरपत्रकातून भाव निघतो, पावती छापायची आणि दर १० दिवसांनी बिल. दूध घालणारे २०० जण, म्हणजे दिवसाला ४०० नोंदी, वर्षाला दीड लाखाच्या आत. पीसी एकच, ४ जीबी रॅमचा, आणि लाइट कधी जाईल नेम नाही. मला एसक्यूलाइट (वेगळा सर्व्हर न लागणारा, एका फाइलमधला डेटाबेस) बरं वाटतंय पण मित्र म्हणतो लोकांच्या पैशाचा हिशोब आहे, खेळणी कसली वापरतोस, एक्सप्रेस (मायक्रोसॉफ्टचा सर्व्हरवाला डेटाबेस) टाक. काय करू?

रात्रपाळी:
मित्राला म्हणावं तुझा मोबाइल दाखव. अँड्रॉइड, आयफोन, क्रोम, फायरफॉक्स, सगळ्यांच्या पोटात तेच खेळणं आहे. रिचर्ड हिपने २००० साली हे लिहिलं ते अमेरिकन नौदलाच्या युद्धनौकेवरच्या एका प्रोग्राममुळे, तिथे डेटाबेस सर्व्हर बंद असला की प्रोग्रामही अडायचा, म्हणून पठ्ठ्याने सर्व्हरची भानगडच काढून टाकली. तुझ्या डेअरीत तरी वेगळं काय आहे? पहाटे साडेपाचला किटल्या घेऊन रांग लागलीय आणि स्क्रीनवर सर्व्हिस सुरू नाही असा मेसेज आला तर तो तिथला पोरगा काय करणार, तुलाच फोन करणार. लाइट गेली तर अर्धवट राहिलेली नोंद पुढच्या वेळी फाइल उघडताना आपोआप मागे घेतली जाते. आणि दीड लाख ओळी म्हणजे त्याला काहीच नाही.

नऊते_पाच:
'पीसी एकच आहे' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की विचारू नका. सहा महिन्यांत चेअरमन म्हणणार, मला आतल्या खोलीत बसून आकडे दिसले पाहिजेत, आणि तू ती फाइल शेअर फोल्डरमध्ये टाकणार, दोन मशीनवरून उघडणार, मग बस बोंबलत. वॉल मोड (नव्या नोंदी आधी शेजारच्या वेगळ्या फाइलमध्ये लिहायची पद्धत) नेटवर्कवर चालत नाही हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय आणि साध्या मोडमध्येही शेअर फोल्डरवरच्या लॉकचा भरवसा नाही. एक्सप्रेस फुकट आहे, १० जीबीपर्यंत डेटाबेस चालतो, २०२५ च्या आवृत्तीत तर ५० जीबी. शिवाय दशांश आकडे अचूक ठेवणारा डेसिमल टाइप आहे, एसक्यूलाइटमध्ये तो नाहीच. दुधाच्या पैशाला फ्लोट (दशांश अंदाजे ठेवणारा टाइप) वापरणार का?

रात्रपाळी:
फ्लोट कोण वापरायला सांगतंय? पैशात ठेवायचं, ३८.५५ रुपये म्हणजे ३८५५. लिटरही मिलीलिटरमध्ये, फॅट ४.१ असेल तर ४१. टेबल करताना स्ट्रिक्ट लावायचं, २०२१ पासून ती सोय आहे, नाहीतर पूर्णांकाच्या कॉलममध्ये कुणी 'चार' लिहिलं तरी ते गपचूप ठेवून घेतं, हे मात्र मान्य. आणि तुमचा डेसिमल काय करणार सांगा, ७.३ लिटर गुणिले ३८.५५ म्हणजे २८१.४१५. हा अर्धा पैसा डेअरीचा की शेतकऱ्याचा? ते संस्थेच्या मीटिंगमध्ये ठरवा, डेटाबेस नाही ठरवणार.

फॉक्सप्रोवाला:
😀 अर्धा पैसा! आमच्या काळी फॉक्सप्रो डेटाबेसची डीबीएफ फाइल होती, लाइट गेली की इंडेक्स खराब, सकाळी आल्या आल्या रीइंडेक्स मारायचा मग चहा. फॉक्सप्रोचा सपोर्ट २०१५ ला संपला पण अजून चालवणारे आहेत. कुणी अ‍ॅक्सेस सुचवायच्या आत सांगतो, २ जीबीची मर्यादा आणि ३२ बिट ६४ बिट ड्रायव्हरचा घोळ, त्या वाटेला जाऊ नका. तुमच्या दोघांच्या भांडणात फायरबर्ड डेटाबेसचं नाव कसं नाही आलं? आज एम्बेडेड (सर्व्हरशिवाय, प्रोग्रामच्या आतच) चालवा, उद्या दुसरा पीसी आला की तीच फाइल सर्व्हरला द्या.

नऊते_पाच:
काका, फायरबर्ड चांगला आहे पण अडलं तर विचारायचं कुणाला? एक्सप्रेसवाला तालुक्याच्या गावातही सापडतो.

वाळवण:
तुम्ही सगळे मोठमोठं बोलताय, माझी फजिती ऐका. मी असंच एका केंद्राला एसक्यूलाइटवर प्रोग्राम दिला, वॉल मोड लावून. बॅकअप म्हणजे रोज रात्री पेनड्राइव्हवर डीबी फाइल कॉपी करा असं सांगितलं, आणि ते दादा इमानदारीत करत होते, फक्त प्रोग्राम कधीच बंद करायचे नाहीत. हार्डडिस्क गेली, पेनड्राइव्ह लावला, आणि संध्याकाळची अख्खी पाळी गायब. कारण ताज्या नोंदी शेजारच्या वॉल फाइलमध्ये होत्या आणि ती कॉपीच झाली नव्हती. पावत्यांच्या गठ्ठ्यावरून पुन्हा सगळं भरलं, दोन दिवस गेले. आता बॅकअपचं बटण दिलंय, आतून व्हॅक्युम इंटू ही कमांड चालवतं, एक अख्खी फाइल तयार करून देतं. म्हणजे चूक माझी होती, डेटाबेसची नव्हती, पण 'एकच फाइल, कॉपी केली की झालं' हे जे सगळे सांगतात ना, ते इतकं सरळ नाही.

नऊते_पाच:
हेच म्हणतोय मी! एक्सप्रेसमध्ये बॅकअपची कमांड आहे, चालू असताना घेता येतो.

रात्रपाळी:
कमांड आहे, पण ती रोज आपोआप चालवणारा एजंट एक्सप्रेसमध्ये देत नाहीत, ते का नाही सांगत? विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्येच बसवावं लागणार. आणि नव्या आवृत्तीचा बॅकअप जुन्या आवृत्तीवर चढत नाही, पीसी बदलला की तोही खेळ.

धारोष्ण:
सगळ्यांचे आभार. एसक्यूलाइटच घेतोय, पैसे पूर्णांकात, वाळवण यांचं बटण पहिल्या दिवसापासून. चेअरमनसाहेबांना पाहिजे तर रोज रात्री पीडीएफ पाठवीन, फाइल शेअर करणार नाही. आता एक अडचण, नावांच्या यादीत 'ळ' ची नावं 'ल' च्या लगेच खाली येतात, 'ह' नंतर यायला पाहिजेत ना?

रात्रपाळी:
ते युनिकोडच्या आकड्यांच्या क्रमाने लावतंय. सी शार्पमधून स्वतःचं कोलेशन (अक्षरांचा क्रम लावायचा नियम) देता येतं, पण मग तीच फाइल दुसऱ्या टूलमध्ये उघडून त्या क्रमाने यादी मागितली की असं कोलेशन नाही म्हणून एरर येणार. त्याहून वाईट म्हणजे 'ऱ्हा' दोन प्रकारे टाइप होतो, एकात नुक्त्याचा ऱ, दुसऱ्यात साधा र आणि न दिसणारा जोडक. दिसायला सारखं, पण शोधलं की 'गोऱ्हे' सापडणार नाहीत. सेव्ह करतानाच एक रूप करून घे.

नऊते_पाच:
घ्या, शेवटी उत्पादक क्रमांकावरूनच शोधणार सगळे. आणि दुसरा पीसी आला की इथे येऊन सांगा हां, विसरू नका.