फॅलॉट्स टेट्रॉलॉजी: आधी शंट की थेट पूर्ण शस्त्रक्रिया?

प्रश्न (मुलुंड): माझा पाच महिन्यांचा भाचा रडताना निळा पडतो. परळच्या डॉक्टरांनी फॅलॉट्स टेट्रॉलॉजीचे (जन्मजात हृदयदोषाचे) निदान करून ओपन हार्ट शस्त्रक्रिया सुचवली आहे. शेजाऱ्यांच्या मुलाला मात्र आधी शंट (रक्त वळवणारी जोडवाट) बसवला होता. असे का?

पहिले उत्तर: १९४४ पासून रूढ असलेल्या शंटमुळे हाताकडे जाणारे काही रक्त फुप्फुसाच्या धमनीत वळते, पण हृदयातील दोष तसाच राहतो. पूर्ण शस्त्रक्रियेत हार्ट-लंग मशीनच्या आधारे हृदय थांबवून दोन्ही जवनिकांमधील (हृदयाच्या खालच्या कप्प्यांमधील) छिद्र पॅचने बुजवतात आणि उजव्या जवनिकेतून फुप्फुसाकडे जाणारी, वाढलेल्या स्नायूने अडलेली वाट रुंद करतात. फुप्फुसधमन्या फार बारीक असल्या किंवा बाळ अगदीच अशक्त असले, तर आधी शंटचा विचार होतो.

दुसरे उत्तर: माझ्या मुलीची ही शस्त्रक्रिया झाली आहे. शस्त्रक्रिया होईपर्यंत बाळ एकाएकी निळे पडल्यास गुडघे छातीशी दुमडून धरा आणि तातडीने रुग्णालय गाठा; घरच्या सर्वांना, आजीलाही, हे शिकवून ठेवा.

तिसरे उत्तर: शस्त्रक्रियेनंतर पुढेही नियमित इको (हृदयाची सोनोग्राफी) करावा लागतो, कारण फुप्फुसाकडील झडप गळू लागल्यास काही वर्षांनी ती बदलावी लागू शकते.