मदत हवी आहे : सातव्या महिन्यात मोठ्या आवाजाच्या लाइव्ह कॉन्सर्टला जावे का?

शततारका

नमस्कार. मला 27 आठवडे पूर्ण झाले आहेत आणि बरोबर दोन आठवड्यांनी एका रॉक बँडच्या कार्यक्रमाला जायचे आहे. तिकिटे काढली तेव्हा बाळाची चाहूलही नव्हती, त्यामुळे रंगमंचाच्या अगदी पुढ्यातली, उभे राहून ऐकण्याची जागा आम्ही हौसेने निवडली होती. कार्यक्रम बंदिस्त सभागृहात असून साधारण तीन तास चालेल. आतापर्यंतचे गरोदरपण सुरळीत आहे, रक्तदाब व्यवस्थित आहे आणि सोनोग्राफीत काळजी करण्यासारखे काही आढळलेले नाही.

मागच्या तपासणीत डॉक्टरांना विचारले, तेव्हा "फार मोठ्या आवाजात जाऊ नका" एवढेच उत्तर मिळाले. फार मोठा म्हणजे किती, हे विचारेपर्यंत पुढच्या रुग्णाला हाक गेली होती. घरात दोन तट पडले आहेत. मोठी बहीण म्हणते की पोटात एवढे पाणी असते, त्यातून आवाज पोहोचतोच कुठला. नवऱ्याचे म्हणणे असे की तिकिटे कोणाला तरी देऊन मोकळे व्हावे.

माझा प्रश्न केवळ ऐकीव भीतीतून आलेला नाही. गेल्या आठवड्यात मैत्रिणीच्या बँडची तालीम ऐकायला गेले होते. तळघरातली लहानशी खोली होती, मी ड्रमपासून चार-पाच हातांवर खुर्चीत बसले होते आणि कानात फोमचे इअरप्लग घातलेले असल्यामुळे मला स्वतःला आवाजाचा काहीच त्रास होत नव्हता. ड्रम वाजवणाऱ्याने पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमवर पहिला ठोका दिला आणि पोटावर ठेवलेल्या माझ्या तळहाताखाली बाळ असे दचकले की हात वर उचलला गेला. दुसऱ्या ठोक्यालाही तेच झाले. दहा-पंधरा ठोक्यांनंतर ते शांत झाले, पण त्याला सवय झाली की ते घाबरून गप्प बसले, हे मला कळेना. अर्ध्या तासात मी उठून आले. रात्री हालचाल नेहमीसारखी होती.

इअरप्लगमुळे माझे कान वाचतील, हे मला समजते. पण बाळाला तर मी इअरप्लग घालू शकत नाही. मग त्याच्यापर्यंत नेमका किती आणि कोणता आवाज पोहोचतो, एका संध्याकाळच्या कार्यक्रमाने त्याच्या ऐकण्यावर परिणाम होऊ शकतो का, आणि जागा बदलून मागे बसले तर पुरेसा फरक पडतो का, हे कोणी अनुभवाने किंवा अभ्यासाने सांगू शकेल का? केवळ "काही होत नाही" किंवा "अजिबात जाऊ नका" असे सांगण्याऐवजी कारणही लिहिले, तर मला निर्णय घेणे सोपे जाईल.

वळीव

मी पाचव्या महिन्यात अशाच एका कार्यक्रमाला गेले होते. मुलगा आता चार वर्षांचा आहे आणि बिस्किटांच्या पुड्याचा आवाज त्याला दोन खोल्या ओलांडून ऐकू येतो. मी त्या वेळी पोटाभोवती जाड शाल दुहेरी गुंडाळली होती. तुम्हीही तसे करून पाहा, आणि मनावर फार ताण घेऊ नका.

खर्जातला

वळीव, तुमचा मुलगा उत्तम ऐकतो हे वाचून आनंद झाला, परंतु त्याचे श्रेय शालीला देता येणार नाही. मी बरीच वर्षे कार्यक्रमांचे ध्वनिसंयोजन करतो, त्यामुळे बाळाविषयी नाही तरी आवाजाविषयी काही खात्रीने सांगू शकतो. 50 हर्ट्झच्या, म्हणजे खर्जातल्या, सुराची तरंगलांबी हवेत जवळजवळ 7 मीटर असते. एवढ्या लांब लहरीला शाल, उशी किंवा मांडीवर घेतलेली पिशवी यांचा अडथळा म्हणजे समुद्राच्या लाटेपुढे धरलेली गाळणी. कापडाने अडतो तो वरच्या पट्टीतला आवाज, आणि तोही थोडाच.

शततारका, तुम्ही निवडलेली जागा सभागृहातल्या सर्वांत मोठ्या आवाजाच्या जागांपैकी एक आहे. खर्जाचे मोठे स्पीकर, म्हणजे सबवूफर, बहुधा रंगमंचापुढे जमिनीवरच ओळीने मांडलेले असतात. त्यांच्या समोरच्या कठड्याला टेकून उभा असलेला प्रेक्षक त्यांच्यापासून दोन-तीन मीटरवर असतो, आणि जमिनीवर ठेवलेल्या स्पीकरचे तोंड साधारण कोणत्या उंचीवर येते, हे वेगळे सांगायला नको.

दुसरी गोष्ट मोजमापाची. मोबाइलवरच्या आवाज मोजणाऱ्या ॲपवर विसंबून राहू नका, कारण ती बहुतेक वेळा ए-वेटिंगचे आकडे दाखवतात. ही पद्धत माणसाच्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो हे गृहीत धरून त्याचे मोल कमी करते : 125 हर्ट्झला सुमारे 16 डेसिबल आणि 63 हर्ट्झला सुमारे 26 डेसिबल वजा होतात. त्याच जागी सी-वेटिंगने, म्हणजे खर्जाचे मोल फारसे कमी न करणाऱ्या पद्धतीने, मोजले, तर माझ्यासमोरच्या पडद्यावर दहा-पंधरा डेसिबलने मोठा आकडा दिसणे हे नेहमीचेच आहे. तुमचा प्रश्न बाळापर्यंत पोहोचणाऱ्या खर्जाचा असेल, तर ए-वेटिंगचा आकडा पाहून निर्धास्त होणे चुकीचे ठरेल.

कर्णिका

मी श्रवणतज्ज्ञ आहे. खर्जातला यांनी लिहिले आहे त्याला शरीराच्या बाजूने जोड देते.

पोटातल्या बाळाच्या कानातला शंखासारखा भाग, म्हणजे कॉक्लिया, साधारण 20 आठवड्यांच्या सुमारास आकाराला आलेला असतो. 24-25 आठवड्यांपासून बाळे आवाजाला प्रतिसाद देऊ लागतात आणि 28 आठवड्यांच्या आसपास तो प्रतिसाद बऱ्यापैकी नियमित होतो. वळीव यांचा पाचवा महिना आणि तुमचा सातवा महिना यांची तुलना म्हणूनच सरळ होऊ शकत नाही. तुमच्या तळहाताखाली जे घडले तो दचकण्याचा प्रतिक्षेप होता, आणि पुन्हापुन्हा येणाऱ्या त्याच आवाजाला प्रतिसाद कमी होत जाणे हेही या वयात अपेक्षितच असते. बाळ झोपेत आहे की कसे हे पाहण्यासाठी काही ठिकाणी डॉक्टरच पोटावर उपकरण टेकवून काही सेकंदांचा आवाज आणि कंप देतात. तेव्हा दचकणे ही इजेची खूण नव्हे. बाळाला तो आवाज पोहोचला, एवढाच त्याचा अर्थ.

तुमच्या बहिणीचे म्हणणे अर्धे खरे आहे. पोटाची भिंत, गर्भाशय आणि गर्भजल यांतून येताना वरच्या पट्टीतले आवाज बरेच क्षीण होतात, 20 डेसिबल किंवा त्याहूनही अधिक. मात्र साधारण 250 हर्ट्झच्या खालचे आवाज जवळजवळ आहेत तसेच आत जातात. झांजेचा खणखणाट बाहेर राहतो आणि ड्रमचा ठोका आत जातो, असे समजा. शिवाय बाळाचा मध्यकर्ण द्रवाने भरलेला असल्यामुळे ते आपल्यासारखे हवेतून ऐकत नाही. आवाज मुख्यतः कवटीच्या हाडांमधून त्याच्या अंतर्कर्णापर्यंत जातो.

आता धोक्याविषयी. स्वीडनमध्ये 1986 ते 2008 या काळात जन्मलेल्या 14 लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासून केलेला एक मोठा अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या माता गरोदरपणात पूर्णवेळ आणि फारशी रजा न घेता 85 डेसिबल किंवा त्याहून मोठ्या आवाजात काम करत होत्या, त्यांच्या मुलांमध्ये श्रवणदोषाचे प्रमाण, 75 डेसिबलपेक्षा कमी आवाजात काम करणाऱ्या मातांच्या मुलांच्या तुलनेत, सुमारे 80 टक्क्यांनी अधिक आढळले. हा आकडा वाचून घाबरू नका : त्या गटात श्रवणदोष असलेली मुले अवघी 14 होती, आणि तो महिनोन्महिने, रोज आठ तास गोंगाटात राहण्याचा परिणाम होता. एका संध्याकाळीवर तो जसाच्या तसा लावता येत नाही.

तरीही संध्याकाळ एकच असली, तरी तिची मात्रा लहान नसते. अमेरिकेतील नायॉश ही कामगारांच्या आरोग्याची संस्था 85 डेसिबलला आठ तासांची मर्यादा सांगते आणि दर 3 डेसिबलला वेळ निम्मा करते. त्या हिशोबाने 100 डेसिबलला दिवसभराचा कोटा 15 मिनिटांत संपतो, आणि तीन तासांत त्याच्या बारा पट होतो. हा हिशोब प्रौढ माणसाच्या कानाचा आहे, बाळाचा नव्हे. पण आवाजाची मात्रा किती झपाट्याने वाढते, ते त्यावरून कळते. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये कार्यक्रमांसाठी घालून दिलेली कमाल पातळीदेखील सरासरी 100 डेसिबलचीच आहे, आणि ती सर्वसाधारण प्रेक्षकांसाठी आहे. गरोदर स्त्रियांनी 115 डेसिबलपेक्षा मोठ्या आवाजात, कानांना संरक्षण असले तरी, जाऊ नये असा स्वतंत्र सल्ला नायॉश देते. रंगमंचापुढच्या कठड्यापाशी आवाज त्या आकड्याच्या आसपास जाणे अशक्य नाही. त्यामुळे ती जागा सोडाच, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

इअरप्लगविषयी एक गोष्ट मला आग्रहाने सांगायची आहे, कारण ती सहसा कोणी बोलत नाही. ते तुम्ही घालावेतच, परंतु ते घातल्यावर आवाज सुसह्य होतो आणि म्हणूनच माणूस जास्त वेळ, जास्त जवळ थांबतो. तालमीत तुम्हाला काहीच जाणवत नव्हते आणि बाळ दचकत होते, याचे कारण हेच. आवाज फार झाला हे सांगणारा आपला एकमेव पहारेकरी आपण स्वतःच झोपवून ठेवतो. त्यामुळे कानांऐवजी छातीवर लक्ष ठेवा. खर्जाचा ठोका बरगड्यांत जाणवत असेल किंवा हातातल्या पेल्यातले पाणी थरथरत असेल, तर ती जागा तुमच्यासाठी नाही.

शततारका

आपण दोघांनी एवढे सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. पेल्यातल्या पाण्याचे वाचून आठवले की तालमीच्या खोलीत माझ्या पायाशी ठेवलेली पाण्याची बाटली सरकत सरकत खुर्चीच्या पायाला येऊन टेकली होती, आणि त्या वेळी मला त्याची गंमत वाटली होती. आता पुढची जागा सोडण्याचे ठरवले आहे. बाल्कनीत शेवटच्या रांगेत बसले तर चालेल का?

खर्जातला

शेवटच्या रांगेत वरच्या पट्टीचा आवाज नक्कीच कमी होईल, खर्जाची मात्र खात्री देता येत नाही. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केले की आवाज सुमारे 6 डेसिबलने उतरतो, परंतु बंदिस्त सभागृहात काही अंतरानंतर तो भिंतींवरून परतून सगळीकडे जवळपास सारखाच राहतो, आणि खर्ज तर मागच्या भिंतीलगत व कोपऱ्यांत साचतो. काही बाल्कन्यांची जमीनही थरथरते. मोकळ्या मैदानावरचा कार्यक्रम असता तरी, मागच्या प्रेक्षकांसाठी मध्येच उभारलेल्या स्पीकरच्या मनोऱ्यांपासून, म्हणजे डिले टॉवरपासून, दूर राहा, असे सांगितले असते. जायचेच असेल, तर ध्वनिसंयोजकाच्या टेबलाजवळची, भिंतीपासून दूर आणि येण्याजाण्याच्या वाटेलगतची खुर्ची मागा. त्याआधी मात्र आयोजकांना विचारा की त्या टेबलापाशी आवाजाची सरासरी पातळी किती ठेवणार आहेत, ए-वेटिंगमध्ये किती आणि सी-वेटिंगमध्ये किती. बरेच तंत्रज्ञ हे आनंदाने सांगतात. सहसा त्यांना असा प्रश्न कोणी विचारतच नाही.

मुक्ताई_प

आवाजाचे सगळे बोलून झाले आहे, म्हणून गर्दीविषयी थोडे लिहिते. मी सहाव्या महिन्यात एका उभ्याच्या कार्यक्रमात चक्कर येऊन खाली बसले होते, आणि आवाजाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. बराच वेळ एका जागी उभे राहिले की रक्त पायांत साचते. त्यात उकाडा, कमी प्यायलेले पाणी आणि स्वच्छतागृहाची रांग टाळण्यासाठी मुद्दाम न प्यायलेले पाणी. शेजारच्याला खाली बसलेली बाई अंधारात दिसत नाही, आणि लोक नाचत असतात. बसायला खुर्ची नसेल तर जाऊ नका, आणि बाहेरची वाट आधी पाहून ठेवा.

कर्णिका

अगदी योग्य. दोन गोष्टींची भर घालते. रक्तदाब वाढलेला असेल किंवा बाळाची वाढ कमी आहे असे सांगितलेले असेल, तर हा बेत मुळातच रद्द करावा. आणि कोणत्याही कारणाने, कार्यक्रमानंतर किंवा एरवीही, बाळाची हालचाल नेहमीपेक्षा स्पष्टपणे कमी जाणवली, तर सकाळची वाट न पाहता त्याच वेळी रुग्णालयाशी संपर्क साधावा. शततारका, तुमच्या डॉक्टरांना पुन्हा फोन करा आणि या वेळी "मोठा आवाज" असे न म्हणता आकडा, वेळ आणि अंतर सांगून विचारा; नेमक्या प्रश्नाला नेमके उत्तर मिळण्याची शक्यता अधिक असते.

शततारका

झाले ते कळवते. आयोजकांना लिहिले होते. दोन दिवसांनी त्यांच्या तंत्रज्ञाचे सविस्तर उत्तर आले. टेबलापाशी ए-वेटिंगमध्ये सरासरी 102 डेसिबलच्या आसपास, आणि सी-वेटिंगमध्ये 115 च्या वर. रंगमंचापुढे किती, हे त्यांनी लिहिले नाही आणि मीही विचारले नाही. हे आकडे डॉक्टरांना फोनवर वाचून दाखवले, तेव्हा त्यांनी या खेपेस पूर्ण ऐकून घेतले आणि जाऊ नका असे स्पष्ट सांगितले. एका कार्यक्रमाने बाळाचे ऐकणे जाईल असे त्यांनाही वाटत नाही. पण टाळता येण्यासारखी गोष्ट तिसऱ्या तिमाहीत ओढवून घेण्याचे कारण त्यांना दिसत नाही. मला थोडा वेळ वाईट वाटले, हे कबूल करते.

माझ्या तिकिटावर आता मोठी बहीण नवऱ्याबरोबर जाणार आहे, तीच, जिच्या मते पाण्यातून आवाज पोहोचत नाही. काल संध्याकाळी तिचा फोन आला आणि तिने अगदी सहज विचारले की तुझे ते इअरप्लग घरात कुठे ठेवले आहेस.