कर्जतला दीड एकर आहे, वेलनेस रिट्रीट काढायचंय, सुरुवात कुठून करू?

बोरिवलीकर: आजोबांची जमीन आहे, वर आंबे, खाली ओढा. ५-६ खोल्या, योगा, साधं जेवण एवढंच डोक्यात आहे. आर्किटेक्ट म्हणतो सगळं सपाट करून काचेचे कॉटेज टाकू, मला काही ते पटत नाहीये.

चाळकरी_७२: काच?? मे महिन्यात आत बसून बघ म्हणावं, फुकटात स्टीम बाथ. जांभा दगड घे, उतरतं कौलारू छप्पर, पाऊस नैऋत्येकडून झोडपतो म्हणून त्या बाजूला पागोळ्या लांब काढ आणि व्हरांडा दे. आणि जमीन सपाट करू नकोस रे, उताराप्रमाणे जोतं वरखाली ठेव, नाहीतर पहिल्याच जुलैत माती ओढ्यात.

दादर_टीटी: डिझाइन नंतर, आधी कागद बघा. माथेरानचा इको-सेन्सिटिव्ह झोन (निसर्ग जपायला बांधकामावर बंधनं असलेला पट्टा) २००३ पासून आहे, तुमचा सर्व्हे नंबर त्यात येतो का ते तपासा. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० चं आहे, तेही वाचून घ्या.

मुलुंडची_मावशी: सांडपाण्याचं कुणी बोललंच नाही! नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेचं फायटोरिड म्हणून तंत्र आहे, खडीच्या वाफ्यातून पाणी फिरवायचं, वर कर्दळ वगैरे लावायची, झाडांची मुळं आणि जिवाणू पाणी साफ करतात, मग तेच आंब्यांना. लॉन नको हं बाळा, उन्हाळ्यात टँकर मागवत बसशील.

बोरिवलीकर: मावशी, लॉन आत्ताच खोडलं. काचेचं आर्किटेक्टला कसं सांगू तेवढं सांगा 😅