मदत हवी आहे: लेबनॉनमध्ये शांतिसेनेत असलेल्या भावाला चवथीचं (गणेशचतुर्थीचं) पार्सल कसं पाठवू?

नमस्कार. मी डिचोलीची. माझा धाकटा भाऊ संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतल्या आपल्या भारतीय तुकडीबरोबर दक्षिण लेबनॉनमध्ये आहे. (पलटणीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, त्यानेच बजावलंय.) गेल्या वर्षीच्या (२०२३) ८ ऑक्टोबरपासून तिथल्या सीमेवर तोफा आणि रॉकेटं चालू आहेत. फोन लागला की तो "जेवलो, बरा आहे" एवढंच म्हणतो. बंकरमध्ये जावं लागतं हे मला दुसऱ्याच एका जवानाच्या घरून कळलं.

आता जुलैचा पहिला आठवडा. राखी १९ ऑगस्टला, चवथ ७ सप्टेंबरला (२०२४). मे महिन्यात मी एका खासगी कुरियरने नेवऱ्या (करंज्या) पाठवल्या होत्या. अकरा दिवसांनी 'पत्ता अपुरा' म्हणून डबा परत दारात. खोबरं खवट झालेलं, पुठ्ठा तेलाने माखलेला. आईने ते सगळं गुपचूप टाकून दिलं आणि दिवसभर बोलली नाही.

त्याच्याकडून मात्र आम्हाला भेट पोचली. एप्रिलमध्ये सुट्टीवर आलेल्या बेळगावच्या जवानाबरोबर त्याने ऑलिव्ह तेलाचा साबण आणि झातरची पुडी पाठवली. झातर म्हणजे तिथल्या एका रानपाल्याची पूड, त्यात तीळ आणि सुमाक. सुमाक आंबट, आईने जिभेवर ठेवलं आणि म्हणाली, "ही तर आपल्या भिरंडाच्या (कोकमाच्या) सोलांची बहीण." आता ती पेजेबरोबर रोज चिमूटभर घेते. साबण अजून वापरलेला नाही, कपाटात त्याच्या शर्टांत ठेवलाय.

तर मला हे हवंय: पत्ता नेमका कसा लिहायचा, किती दिवस धरायचे, आणि खाण्यातलं काय टिकेल? शिवाय एक गोष्ट. आमच्या घरी माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळापानांची चौकट, तोच बांधतो. केवणीच्या (रानझाडाच्या सालीच्या) दोराला त्याने मारलेली गाठ विसर्जनापर्यंत सैल होत नाही. यंदा तो दोर आणि माटोळीतलं सुपारीचं एक शिपटं (घोस) त्याला पाठवावं असं आईच्या मनात आहे. चालेल का?

वाळपईचा माजी फौजी:
बाय, आपली पलटण तिथे पहिल्यांदा नोव्हेंबर १९९८ मध्ये गेली. मी त्यानंतर दोन वर्षांनी होतो. कुरियर विसर. खासगी कुरियर लष्करी पत्त्यावर पोचवूच शकत नाही, पार्सल सरकारी टपालानेच जातं. पत्त्यात नंबर, हुद्दा, नाव, युनिट, त्याखाली 'मार्फत ५६ एपीओ' (एपीओ म्हणजे लष्करी डाकघर) आणि ९ ने सुरू होणारा पिन. पिन त्यालाच विचारून घे. कुठेही 'लेबनॉन' लिहू नकोस. गावाचं, देशाचं नाव लिहायचं नसतं. पार्सल दिल्लीला लष्करी डाकेकडे जातं, तिथून पुढे विमानाची सोय होईल तसं. आमच्या वेळी दीड महिना सहज लागायचा, आणि आता तर तिकडे लढाई आहे. म्हणून याच आठवड्यात टाक.

मांजरपाटात शिवून घे आणि आतही पत्त्याची चिठ्ठी ठेव. वरची शाई पुसली तर तीच कामी येते. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या नकोत. तेलामुळे त्या आपोआप पेटू शकतात, म्हणून विमानाला धोक्याच्या मालात मोडतात. पॉवर बँक, लायटर, सेंटचा फवाराही नको. शिपटं ओलं, ते दुसऱ्या देशात जायचं नाही आणि वाटेत कुजेल. वाळलेला दोर घाल. खाणं एकट्यापुरतं पाठवू नकोस. तिथे डबा उघडला की आख्खं सेक्शन जमतं, आणि सगळ्यांना दिल्याशिवाय त्याच्या घशाखाली उतरणार नाही.

पेडण्याची वहिनी:
माझे यजमान सुदानला होते तेव्हा मी जत्रेतलं खाजं पाठवायचे. आलं-गुळातलं, महिनोन्‌महिने राहतं. सोलंही टिकतात, दुहेरी पिशवीत बांधा. राखी पार्सलात घालू नका, वेगळ्या पाकिटातून आजच टाका. आणि पत्रांवर क्रमांक घाला हो ताई. मागचं पुढे पोचतं. माझं बाळंतपणाचं पत्र त्यांना बारशाच्या पत्रानंतर मिळालं होतं.

धागाकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार. राखीचं पाकीट आज डिचोलीच्या पोस्टात टाकलं, वर क्रमांक १ घातला. खाजं दोन किलो आणलंय, सोलं आईने स्वतः निवडली. शिपट्याचं तिला सांगितलं तेव्हा तिने नुसती मान हलवली, मग केवणीचा दोर काढून चार हात मोजून कापला. पण तो यंदाचाच आहे, आणि इथे पाऊस खंडत नाही. चुलीवरच्या माळ्यावर ठेवलाय. किती दिवसांत इतका सुकेल की डब्यात बुरशी धरणार नाही? कुणी सांगाल का, शनिवारी पार्सल शिवायचं आहे.